गोष्टींतलें बाळ

यंदाच्या उन्हाळ्याच्या सुटींत माझी दहा वर्षांची नात मुलांच्या एका शिबिरास जावयाची होती. आठ दिवसांचें शिबिर, आणि तेथें ओळखीचें कोणीहि नाहीं. निघण्याच्या आदल्या दिवशीं मी सहज तिच्या खोलींत डोकावलें, तों ही बया आरशापुढें उभी राहून स्वतःशींच बोलत होती. आवाज तिचा नव्हे. मान झटकण्याची ढबहि तिची नव्हे. "मी मुळींच भीत नाहीं, मला पोहतां येतं, घोड्यावर बसतां येतं," अशी तिची उजळणी चालली होती. घोडा तिनें पाहिलेला तो फक्त चौपाटीवर! मला पाहतांच ती ओशाळली आणि म्हणाली, "आजी, तिथं मला कुणीच ओळखत नाहीं. मग मी तिथं कुणीहि होऊं शकतें, नाहीं का?"

मला हंसूं आलें, पण तें ओठांवरच विरलें. हाच विचार, जवळजवळ याच शब्दांत, पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वीं एस्. टी. च्या गाडींत बसलें असतां माझ्या मनांत आला होता.

माझे वडील सरकारी नोकरींत होते आणि दर दोन-अडीच वर्षांनीं त्यांची बदली ठरलेली. वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत मीं चार गांवें आणि चार शाळा पाहिल्या. पाठचें भावंड नाहीं, पुढचें नाहीं. भरल्या घरांत, चुलत-आत्ये भावंडांच्या गर्दींत जे वाढले, त्यांस एकुलत्या एका मुलाची दुपार कशी असते याची कल्पना यावयाची नाहीं. दोन खोल्या, निजलेली आई आणि भिंतीवरचें घड्याळ. मी सागरगोटे स्वतःशींच खेळें, स्वतःशींच हरें आणि स्वतःवरच रुसें. नव्या शाळेंत जावें, तों मैत्रिणींच्या जोड्या आधींच जुळलेल्या असत. मधल्या सुटींत मी नळाजवळ उभी राहीं आणि पाणी प्यावयास आल्याचें सोंग करीं. किती वेळां पाणी पिणार! वर्गांत माझें नांव 'घुमी' पडलें होतें, आणि तें खोटें होतें असें मला म्हणतां येत नाहीं.

१९६७ सालीं आम्ही कऱ्हाडास होतों. त्या वर्षीं डिसेंबरच्या ११ तारखेस, पहाटे साडेचार वाजण्याच्या किंचित् आधीं, कोयनेचा भूकंप झाला. त्याची तीव्रता साडेसहाच्या आसपास होती. धक्के मुंबई-पुण्यापर्यंत जाणवले. कोयनानगरांतील बहुतेक घरें पडलीं अगर तडकलीं आणि सुमारे पावणेदोनशें माणसें दगावलीं. १०३ मीटर उंचीचें धरण मात्र भेगा पडूनहि उभें राहिलें. धरणांत सांठलेल्या पाण्याचा अशा भूकंपांशीं संबंध असतो, असें शास्त्रज्ञ सांगतात आणि त्याचें उदाहरण म्हणून आज जगभर कोयनेचें नांव घेतात. पण अकरा वर्षांच्या मुलीस यांतलें काय कळणार? मला आठवतें तें इतकेंच : फळीवरचीं भांडीं धडाधड खालीं आलीं, आईनें मला पांघरुणासकट ओढून अंगणांत नेलें, आणि मी थंडींत कुडकुडत तिचा पदर दांतांत धरून उभी राहिलें. माझी भूकंपाची खरी गोष्ट एवढीच. तींत मीं कांहींच केलेलें नव्हतें. फक्त घाबरलें होतें.

पुढल्या मे महिन्यांत आईची प्रकृति बरी नसल्यामुळें मला गुहागरास मावशीकडे पाठविण्याचें ठरलें. तिच्या सासरीं मी पूर्वीं कधीं गेलेलें नव्हतें. चिपळुणास निघालेल्या एका ओळखीच्या गृहस्थांच्या स्वाधीन करून वडिलांनीं मला गाडींत बसवून दिलें. पाटण मागें पडलें आणि कांहीं वेळानें गाडी कोयनानगरास थांबली. खिडकींतून मला पडक्या भिंती दिसल्या, पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा दिसल्या, आणि दगडांच्या एका ढिगाऱ्यास टेकून ठेवलेला लोखंडी पाळणा दिसला. गाडी हालली. कुंभार्लीचा घाट उतरूं लागलों तसा कोंकणचा दमट वारा तोंडावर येऊं लागला, आणि मला वाटलें, घुमी घाटाच्या वर राहिली. खालीं उतरते आहे ती मुलगी निराळीच! आमच्या वर्गांत एक मोठी धीट मुलगी होती. तिचें खळखळून हंसणें, वेणी पाठीवर भिरकावणें, ऊठसूट 'त्यांत काय मोठंसं!' म्हणणें, हें सारें मीं घाटाच्या वळणावळणावर उचललें. पायथ्याचें पोफळी गांव येईपर्यंत माझी तयारी पुरी झाली होती.

मावशीचें घर गुहागरच्या वरच्या पाटांत होतें. पुढें रस्ता, मागें नारळी-पोफळींची वाडी, आणि वाडी संपली कीं सुरूंची रांग व समुद्र. घरांत लहानमोठीं अठरा माणसें. त्यांत मुलें सात. पायरीवर पाऊल ठेवतांच सातहि जणें मजकडे टकमक पाहूं लागलीं. मीं वेणी भिरकावली. पहिल्याच संध्याकाळीं मुलग्यांनीं मला डिवचलें : काळोखांत एकटीनें विहिरीपर्यंत जाऊन दाखव. "त्यांत काय मोठंसं!" असें म्हणून मी कंदील घेऊन निघालें. माझे गुडघे कसे लटपटत होते तें त्या कंदिलासच ठाऊक! पण परत आलें तेव्हां माझ्यासाठीं ओटीवर जागा केलेली होती. आयुष्यांत प्रथमच कोणीं मजसाठीं सरकून जागा केली होती. त्या जागेची मला चटक लागली.

तिसऱ्या कीं चौथ्या रात्रीं अंगणांत गोष्टी चालल्या होत्या. कोणी भुताची सांगितली, कोणी वाघाची. माझी पाळी आली आणि मीं सांगून टाकलें कीं, भूकंपाच्या रात्रीं मी वडिलांबरोबर कोयनानगरासच होतें. शेजारच्या घराची भिंत पडली. आंत पाळणा होता. मी आंत शिरलें, बाळास उचललें, आणि बाहेर पडतें न पडतें तोंच छप्पर कोसळलें. पाळणा मीं गाडींतून पाहिला होता. बाळ मात्र सर्वस्वीं माझें.

मुलें अवाक् झालीं. फणसाचा सर्वांत गोड गरा त्या रात्रीं मला मिळाला. दुसरे दिवशीं पुन्हां तीच गोष्ट मागितली गेली, तिसरे दिवशीं पुन्हां. दर खेपेस भिंत अधिक उंच होई आणि बाळ अधिक गुटगुटीत. एकदां मावशी दारांत उभी राहून ऐकत होती. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि "झोंपा आतां," एवढेंच म्हणाली.

आठवड्याभरानें शेजारच्या घरची एक मुलगी आमच्यांत येऊन बसूं लागली. तिला मी येथें यमू म्हणतें. आईबरोबर ती आजीकडे राहावयास आली होती. माझ्याच वयाची, अंगानें काडी, आणि बोलणें जवळजवळ नाहींच. ती आली त्या रात्रीं मी गोष्ट सुरू करूं लागलें, तों माझ्या थोरल्या मावसबहिणीनें मला चिमटा काढला. मला वाटलें, हिला माझा हेवा वाटतो. पण यमूच म्हणाली, "सांग ना." मीं सांगितली. त्यानंतर ती रोज येई, खांबाला टेकून बसे, आणि गोष्ट संपली कीं उठून घरीं जाई.

एके रात्रीं मात्र ती उठली नाहीं. तिनें विचारलें, "तूं उचललंस तेव्हां तें बाळ रडत होतं का ग?"

सारीं मुलें एकाएकीं गप्प झालीं. कां, तें मला कळेना. "नाहीं," मी म्हणालें, "झोंपेंत होतं." तिनें मान हलविली व ती निघून गेली.

अंथरुणावर पडल्यावर थोरलीनें मला सांगितलें. यमूचे वडील कोयनेच्या कामावर नोकरीस होते. त्या पहाटे त्यांचें घर पडलें आणि यमूचा चौदा महिन्यांचा भाऊ त्यांत गेला. "म्हणून चिमटे काढत होतें," ती म्हणाली आणि कुशीस वळली.

मला झोंप आली नाहीं. सकाळीं मी कुंपणांतून पलीकडच्या वाडींत गेलें. यमू विहिरीजवळ बसून झावळीचे हीर काढीत होती. रात्रभर मनांत जुळविलेलीं वाक्यें तिला पाहतांच पळालीं. मीं एका दमांत सांगून टाकलें, "मी तिथं नव्हतेंच. मी कऱ्हाडला होतें. बाळ वगैरे कुणी नव्हतं."

तिचा हात थांबला नाहीं. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"कसं?"

"तुझ्या गोष्टींत धूळ नाहीं. तिथं इतकी धूळ होती, कीं माझा हात मला दिसत नव्हता. बाळ कुठं आहे तें कुणालाच दिसलं नाहीं."

"मग रोज ऐकत कां बसलीस?"

तिनें आणखी एक हीर ओढून काढला आणि म्हणाली, "तुझ्या गोष्टींतलं बाळ वांचतं म्हणून."

मी रडूं लागलें. ती रडली नाहीं. कांहीं वेळानें तिनें एक झावळी माझ्यापुढें सरकविली आणि म्हणाली, "ही तूं काढ." दुपारच्या जेवणाची हांक येईपर्यंत आम्ही हीर काढीत बसलों होतों.

त्या रात्रीं मीं सर्वांदेखत खरें काय तें सांगितलें. मुलग्यांनीं दोन दिवस मला 'थापाडी' म्हणून भंडावलें आणि तिसऱ्या दिवशीं आट्यापाट्यांत एक गडी कमी पडला तेव्हां तेंहि विसरून गेले. मी ज्या गोष्टीला इतकी भीत होतें, तिचें आयुष्य अवघें दोन दिवसांचें निघालें! यमूनें मला माझी खरी गोष्ट विचारली. भांडीं पडल्याचें, कुडकुडल्याचें मीं सांगितलें. पदर दांतांत धरल्याचें ऐकून ती पहिल्यानें हंसली. उरलेली सुटी आम्ही दोघी बहुतेक न बोलतांच समुद्रावर हिंडलों. जिच्याजवळ घुमेपणा चालतो अशी मैत्रीण मला तोंवर भेटलेली नव्हती.

या गोष्टीस आतां किती वर्षें लोटलीं! कंदील घेऊन विहिरीपर्यंत गेलेली मुलगी खोटी होती असें मी आजहि म्हणणार नाहीं. तें धाडस उसन्या आवाजांत केलेलें असलें तरी पाय माझेच होते. परंतु दुसऱ्याच्या घरावर कोसळलेल्या दुःखाचा मीं खेळ मांडला, याची लाज अजून गेलेली नाहीं. आणि एक शंकाहि अजून फिटलेली नाहीं. त्या सकाळीं मीं यमूस खरें सांगितलें तें तिच्यासाठीं, कीं माझें मन हलकें व्हावें म्हणून? कारण त्या दिवसानंतर तें बाळ पुन्हां कधीं वांचलें नाहीं. यमूस हें मीं एकदां पत्रांत विचारलें होतें. उत्तरीं तिनें आमसुलांची पुडी धाडली. ती आजहि दर उन्हाळ्यांत येते. त्या प्रश्नाचें उत्तर मात्र तिनें दिलेलें नाहीं.

हें सारें मीं त्या रात्रीं नातीस सांगितलें. ती बराच वेळ गप्प होती. मग तिनें विचारलें, "आजी, म्हणजे घोड्याचं सांगूं नको?" मजजवळ तयार उत्तर नव्हतें. मी म्हणालें, "तुझं तूं ठरव. पण तुझ्यासारखीच कुणी नळाजवळ उभी दिसली, तर तिला पाहून ठेव."

तिसऱ्या दिवशीं तिचा फोन आला. आवाज तिचा स्वतःचाच होता. "आजी, घोड्याचं नाहीं सांगितलं. पोहण्याचं मात्र तोंडांतून निघून गेलं."

"मग?"

"मग काय, पाण्यांत उतरवलं! मी तर पायरीवरच थिजलें. तेवढ्यांत एका मुलीनं माझा हात घट्ट धरला." आणि ती इतकी हंसूं लागली कीं पुढचे शब्द मला नीट ऐकूं येईनात. "तिनंहि तसंच सांगितलं होतं, आजी! तिलाहि येत नव्हतं!"