अलिबागसे आया है क्या?

कुणी आपल्याला गंडवायला बघितलं की आपण पटकन फेकतो, ‘मैं क्या अलिबागसे आया हूँ?’ मुंबईच्या भाषेत अलिबागकर म्हणजे भोळा सांब. या वाक्यावर बंदी घाला, असं म्हणत एक अलिबागकर थेट हायकोर्टात गेला होता. २०१९ मध्ये कोर्टाने याचिका फेटाळली. विनोद आहे, मनाला लावून घेऊ नका!

गंमत म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी याच अलिबागच्या नावाने मुंबईतल्या गोऱ्या साहेबांची झोप उडायची. कारण कान्होजी आंग्रे. मराठीत ते ‘सरखेल’, म्हणजे आरमाराचे प्रमुख. इंग्रजीत मात्र ‘पायरेट’, म्हणजे समुद्री चाचा. (हिंदीवाल्या कलीगला हे सांगू नका, तो विचारेल, ‘किसके चाचा?’)

त्यांचा गुन्हा काय? कोकण किनाऱ्यावरून जायचं तर आमचा दस्तक, म्हणजे परवाना घ्या, नाहीतर जहाज जप्त. पोर्तुगीज ‘कार्ताझ’ या नावाने हेच करत होते, तेही दोनशे वर्षं आधीपासून. इंग्रज कंपनीही पास द्यायची. पण चाचे ठरले आंग्रेच, कारण पुस्तकं लंडनला छापली जात होती! क्लेमंट डाउनिंग या इंग्रज खलाशाने १७३७ च्या पुस्तकात शीर्षकातच त्यांना ‘पायरेट’ करून टाकलं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परतले, तो राग कुठेतरी निघणारच ना!

परवा ओहोटीला चालत त्याच किल्ल्यात गेलो. तटावर १८४९ सालच्या, इंग्लंडमध्ये ओतलेल्या दोन तोफा आहेत. त्यातल्या एकीवर एक चिमुरडा डोळ्याला रुमाल बांधून चढला होता. ‘मम्मा, मी जॅक स्पॅरो!’ मम्माने मोबाइलवर फोटो काढला. मला हसू आलं आणि थोडं खटकलंही. सरखेलांच्या घरात सरखेल कुणालाच आठवत नव्हते.

फोर्टात नोकरी करणाऱ्यांनो, तुमच्या शेजारचीच एक गोष्ट. कान्होजींविरुद्धच्या मोहिमा जिथे शिजल्या, त्या बॉम्बे कॅसलमध्ये आज नौदलाचा तळ आहे. १९५१ पासून त्याचं नाव ‘आयएनएस आंग्रे’!

तेव्हा या वीकेंडला गेटवेहून मांडव्याची बोट पकडा. मात्र किल्ल्यात शिरण्याआधी भरतीची वेळ विचारून घ्या. सोमवारी ऑफिसात कुणी विचारलंच, ‘अलिबागसे आया है क्या?’ तर कॉलर ताठ करून सांगा, ‘हो. काही प्रॉब्लेम?’