एका तारेवरचे दोन हुकूम

कोल्हापूरजवळच्या आमच्या उचगावचे रेखांश ७४ अंशांहून किंचित अधिक आहेत, ही गोष्ट गावच्या दप्तरात नोंदवावी असे कोणाला वाटले नसेल. परंतु घरोघरच्या गच्च्यांवर टीव्हीच्या छत्र्या बसविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या माझ्यासारख्याला ती फार मोलाची वाटते. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर भूस्थिर उपग्रहांची जी कक्षा आहे, तिच्यातील ७४ अंश पूर्व या ठिकाणी हवामानाची छायाचित्रे पाठविणारा कल्पना-१ आणि २००४ साली शिक्षणासाठी सोडलेला एज्युसॅट यांचा मुक्काम होता; म्हणजे आमच्या गच्चीवरून ते जवळजवळ नेमके दक्षिणेस, क्षितिजापासून ७० अंश उंच असत. ही मध्यरेषा एकदा मनात पक्की झाली, की बाकीचे आकाश आपोआप लागते. तिच्या डावीकडे, आग्नेयेला, ६० अंश उंचीवर दूरदर्शनच्या फ्री डिशचा जीसॅट-१५; त्याच्याही पलीकडे, ४९ अंशांपर्यंत खाली उतरलेले, १०५.५ रेखांशावरचे एशियासॅट. आणि मध्यरेषेच्या थोडे उजवीकडे ६८.५ रेखांशावरचा इंटेलसॅट-२०. एक छत्री यांपैकी एकाच दिशेला तोंड करून बसते, आणि घरातल्या माणसांच्या आवडी मात्र एका दिशेच्या नसतात. माझ्या व्यवसायाचे मूळ एवढ्यात आहे.

१९९२ च्या २ ऑक्टोबरला एशियासॅटवरून झी वाहिनी सुरू झाली, त्यानंतरच्या काळात हा सारा बंदोबस्त केबलवाल्याच्या खोलीत असे. वाहिनीगणिक एक रिसीव्हर आणि एक मॉड्युलेटर, आणि शेवटी त्या सर्वांना एकाच तारेत गुंफणारा कंबाइनर, अशी ती मांडणी होती. पुढे २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनची विनाशुल्क थेट सेवा आली, मागोमाग खासगी सेवा पसरल्या, आणि खोलीतली ती कचेरी प्रत्येकाच्या गच्चीवर येऊन बसली. २००१ च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत एका सेवेची सेट-टॉप पेटी दुसऱ्या सेवेसही चालावी अशी अट घातलेली होती. ती अट व्यवहारात उतरली असती तर घरात पेट्यांची ही गर्दी झाली नसती, असे मला आजही मनापासून वाटते.

काही वर्षांपूर्वी गावातल्याच एका घरी मला बोलावणे आले. मुलगा ओतकामाच्या कारखान्यात, सून निपाणीकडची, म्हणून तिच्या कानडी वाहिन्यांसाठी एक सशुल्क पेटी. वडिलांना सह्याद्री हवी, म्हणून फ्री डिशची दुसरी पेटी. आणि गच्चीच्या कोपऱ्यात एशियासॅटकडे तोंड केलेली, जुनी, आठ फुटी जाळीची छत्री. दोन्ही पेट्यांना लागणारे उपग्रह जीसॅट-१५ च्याच जागी, ९३.५ रेखांशावर असल्यामुळे छोटी छत्री दोघींत सामाईक होती, आणि कोणा कारागिराने बाजारातला साधा स्प्लिटर लावून एकच तार दोन पेट्यांत वाटून दिली होती. तक्रार अशी, की सुनेची पेटी जागी असली म्हणजे सासऱ्यांची सह्याद्री नाहीशी होई. घरात यावरून अबोला धरण्यापर्यंत पाळी आली होती. म्हातारे मला एवढेच म्हणाले, ‘‘पावसाच्या आदी तेवढं मिटवा बघा.’’

दोष माणसांचा नव्हता, तारेचा होता. छत्रीकडून येणारी तार केवळ चित्र खाली आणते असा समज सर्वत्र आहे. वस्तुतः तीच तार पेटीचा हुकूम वरही नेते. छत्रीच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला पेटीकडून १३ व्होल्ट मिळाले, तर तो उभ्या ध्रुवणाच्या लहरी घेतो. १८ व्होल्ट मिळाले, तर आडव्या. आणि त्याच विजेवर २२ किलोहर्ट्झचा सूक्ष्म सूर चढविला, तर तो वरच्या पट्ट्यातल्या कंप्रता निवडतो. एका तारेवर दोन पेट्यांनी दोन निराळे हुकूम सोडले, की अधिक व्होल्टचा हुकूम चालतो आणि दुसरीचे कोणी ऐकत नाही. सुनेची पेटी १८ मागत होती, सासऱ्यांची १३. आणि रिमोटने बंद केलेल्या काही पेट्या तारेत वीज सोडीतच राहतात, त्यामुळे कलहाला विश्रांतीही नव्हती.

मी स्प्लिटर काढून टाकला आणि दोन स्वतंत्र मुखांचा एलएनबी बसविला, त्यामुळे प्रत्येक पेटीला आपापला अंमल मिळाला. सासऱ्यांच्या पेटीच्या वाटेत डायसेक स्विच घातला. युटेलसॅट या युरोपीय संस्थेने सिद्ध केलेली ही पद्धत त्याच २२ किलोहर्ट्झच्या सुराचे तुटक ठोके करून सांकेतिक आज्ञा पाठविते, आणि स्विच त्याप्रमाणे चार छत्र्यांपैकी एकीचीच वाट मोकळी करतो. स्विचच्या पहिल्या मुखाला छोटी छत्री, दुसऱ्याला जाळीची. पेटीच्या यादीत दुसऱ्या मुखापुढे ५१५० हा आकडा घालावयाचा, कारण सी पट्ट्याचा एलएनबी त्या मापाने लहरी उतरवितो. सुनेची पेटी टीव्हीच्या एचडीएमआयला, सासऱ्यांची पिवळ्या-लाल-पांढऱ्या तारांनी एव्हीला. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना मी रंगाची खूण केली. ही खूण न करणाऱ्या कारागिरावर माझा विश्वास बसत नाही.

जाळीची छत्री मी मुद्दाम मोडू दिली नाही. कोल्हापूरकडच्या आषाढी सरींत छोट्या छत्रीचे चित्र ठोकळ्या-ठोकळ्यांनी फुटते, कारण तिच्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असल्याने पावसाचे थेंब त्यांना शोषतात नि विखुरतात. सात-साडेसात सेंटिमीटरांच्या सी पट्ट्याला तोच पाऊस फारसा बाधत नाही.

जाळीच्या छत्रीची दिशा ठीक आहे की नाही हे पाहण्यास यंत्रही लागत नाही. मार्चच्या मध्यास आणि सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य त्या उपग्रहाच्या नेमका मागे येतो. सकाळी दहाच्या सुमारास काही मिनिटे चित्र जाते, आणि तेवढ्या वेळात एलएनबीची सावली जाळीच्या मध्यावर पडते. मी हे एकदा सांगितले, तेव्हापासून त्या दिवसांत म्हातारे काठी टेकीत जिना चढतात, छत्रीपाशी उकिडवे बसतात आणि सावली सरकून मध्याला येईपर्यंत थांबतात.