दगड कुणी फोडला?

चौदा एप्रिल जवळ आला की मला माझंच एक जुनं भाषण आठवतं आणि कानाच्या पाळ्या गरम होतात.

जळोचीतल्या आमच्या वस्तीत जयंतीचा मांडव होता. कॉलेजात जाणारं पोरगं म्हणून माझ्या हातात माईक दिलेला. एरिक फॉन डॅनिकेन या स्विस हॉटेलवाल्याचं १९६८ सालचं पुस्तक मी नुकतंच मराठीतून वाचलं होतं. डोकं गरगरलेलं. दिलं ठोकून : बंधूंनो, देव कधी नव्हतेच. परग्रहावरून अंतराळवीर आले, अडाणी माणसांनी त्यांनाच देव म्हटलं. पुष्पक विमान म्हणजे त्यांचं यान. वेरूळचं कैलास लेणं ही त्यांचीच करामत. माणसाच्या हातून असलं काम होणं नाही!

टाळ्या पडल्या. पडणारच. देवाला जोडा हाणला की आमच्या मांडवात टाळ्या पडतात. जोडा कुणाच्या पायातला, ते कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

आई बायकांत बसून ऐकत होती. रात्री चुलीपुढं भाकरी थापता थापता म्हणाली, "त्या वरच्यांनी डोंगर कोरला म्हणतोस. मग दगड कुणी फोडला?"

"त्यांच्याकडं यंत्रं होती गं. किरणांनी कापला."

"तुला कसं कळलं?"

"पुस्तकात हाय."

तिनं भाकरी उलथली. "बहात्तरला आम्ही फोडलेल्या खडीवरनं येष्टी जाती. त्या रस्त्यावर आमचं नाव हाय का कुठं? उद्या एखादा म्हणंल, ती खडी बी वरनंच पडली."

मी जेवलो आणि झोपलो. उत्तर नव्हतं. पुढं तीस वर्षं नव्हतं.

१९७२ च्या दुष्काळात आई सतरा-अठराची होती. नवीनच नांदायला आलेली. बारामतीच्या एका अंगाला नीरेचा डावा कालवा, दुसऱ्या अंगाला कोरडं जिरायत. आमचं नशीब कोरड्या अंगाला. दुष्काळी कामावर खडी फोडायची. हातात सुतकी, बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेले. कपच्या डोळ्यांत उडायच्या. मुकादम ढीग मोजायचा आणि पोकळ रचलाय म्हणून माप कापायचा. आठवड्याला मस्टरवर अंगठा. खायला अमेरिकेतून आलेली लाल मिलो आणि सुकडी. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख तेव्हा गेलं, ते परत सरळ आलंच नाही.

आता जळोची बारामती नगरपरिषदेत गेली. पण परवाच भाचा मोबाईल घेऊन माझ्यापुढं बसला. पोरगा हुशार, विहारात रविवारी लहान पोरांचा वर्ग घेतो. म्हणाला, "मामा, हे बघ. कैलास एलियनांनी बांधलंय. काही लाख टन दगड काढला, मग मलबा कुठं गेला? सांग!" अगदी माझाच आवाज. फक्त पुस्तकाच्या जागी पडदा.

या वेळी मी टाळ्या वाजवल्या नाहीत. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघं वेरूळला गेलो. मी, भाचा आणि आई.

वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांना घेऊन वेरूळची बौद्ध लेणीच बघायला निघाले होते. या किल्ल्यात हौदाच्या पाण्यानं हातपाय धुतले म्हणून त्यांच्या अंगावर माणसं धावून आली. लेण्यांकडं जाणारी आपली वाटही अशी आहे. भाच्याला हे ठाऊक नव्हतं. परग्रहावरच्यांची नावं मात्र त्याला पाठ.

कैलास म्हणजे १६ नंबरचं लेणं. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं. २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद आणि मागच्या बाजूला १०७ फूट खोल असा खड्डा डोंगरात घेतला आणि मधे उरलेल्या दगडातून देऊळ काढलं. बांधलेलं नाही, वरून खाली कोरत आणलेलं. भाचा मान वर करून बघत होता. आई मात्र बाजूच्या कड्याजवळ गेली आणि दगडावरून हात फिरवायला लागली. तिथं छिन्नीचे घाव अजून उघडे आहेत, तिरपे, एकाखाली एक.

"हा उजव्या हाताचा," ती म्हणाली. थोडं पुढं सरकली. "हा डावखुरा दिसतोय." मग वर बघून, "वरनं फोडत आले. शाणी माणसं. खालनं धरलं असतं तर डोक्यात पडलं असतं. पराती बी बांधाय लागल्या न्हाईत."

जे सांगायला मी चार पुस्तकं धुंडाळली, ते ती हातानं वाचत होती. डावखुऱ्याचं खरं-खोटं मला ठाऊक नाही. पण घाव माणसाच्या हातभर उंचीचे आहेत, एवढं मलाही दिसलं.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी याचा हिशेब मांडलाय. एक माणूस दिवसाला साधारण चार घनफूट दगड काढतो असं धरलं तर अडीचशे मजुरांना साडेपाच वर्षं पुरतात. म्हणजे एका दुष्काळी कामावरच्या हजेरीपेक्षाही कमी माणसं! आणि मलबा कुठं गेला म्हणून विचारणाऱ्यानं कधी खडीच्या ढिगाशेजारी घर बांधलेलं नसावं. फोडलेला दगड आमच्याकडं आठ दिवस जागेवर राहत नाही.

आणखी एक गंमत. राष्ट्रकूटांच्याच गुजरात शाखेतल्या कर्कराजाचा ८१२-१३ सालचा ताम्रपट बडोद्याला सापडला. त्यात या देवळाचं वर्णन आहे. विमानातून फिरणारे देव ते बघून थक्क झाले, आणि ज्यानं ते केलं तो कारागीरही म्हणाला की हे माझ्या हातून झालं तरी कसं, असा त्याचा आशय. नीट बघा. तिथं आकाशातले प्रेक्षक आहेत. काम करणारा खाली, हातात छिन्नी घेऊन. बाराशे वर्षांपूर्वीच्या दरबारी भाटाला जे कबूल होतं, ते मी माईकवरून पुसून टाकलं होतं.

पण हे पुसणं डॅनिकेनपासून सुरू झालेलं नाही. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना पांडवलेणी कोण म्हणायला लागलं? गावोगाव सांगतात, पांडवांनी एका रात्रीत कोरली. जुन्नरच्या लेण्याद्रीला विहारात गणपती बसला आणि ते अष्टविनायकात गेलं. आधी पांडव, आता परग्रहावरचे. भिक्खू, सुतार, पाथरवट यांचं नाव घ्यायचं सोडून जीभ कुठंही जायला तयार.

भिंती मात्र बोलतात. कार्ल्याच्या चैत्यात दार करणारा धेनुकाकटचा सुतार सामी, बापाच्या नावासकट कोरलेला आहे. कोंढाण्याच्या लेण्यात कण्हाचा शिष्य बलक. पितळखोऱ्याच्या यक्षाच्या हातावर कण्हदास सोनार. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे, कासारांची आहे, धान्यवाल्यांची आहे. बुरुडांकडं लोक विश्वासानं पैसे ठेव म्हणून ठेवत होते, दोन हजार वर्षांपूर्वी! खरं तेही सांगतो. लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं पुष्कळ, फोडणाऱ्यांची बोटांवर मोजण्याइतकी. मुकादमाचं माप तेव्हाही कापलेलंच.

मिसरातही तेच. पिरॅमिड म्हटलं की यान आलंच. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला पपायरसचे तुकडे सापडले. मेरर नावाच्या मुकादमाची ती रोजनिशी. हाताखाली चाळीसेक माणसं, तुऱ्याच्या खाणीतला चुनखडक नावेत घालून गिझाला पोचवायचा. आज कुठं गेलो, कुठं मुक्काम केला, सगळं लिहिलेलं. खुफूच्या पिरॅमिडचं मस्टर सापडलं म्हणा ना! आईला सांगितलं तर तिनं विचारलं, "हजेरी बरोबर लावायचा का?"

आकाशातून खरंच काही येतं तेव्हा ते खूण ठेवतं. लोणारला अशनी पडला, काळ्या पाषाणात पावणेदोन किलोमीटरचा खड्डा आणि वितळलेल्या खडकाची काच ठेवून गेला. वेरूळला काच नाही. छिन्नीचे घाव आहेत.

म्हणून वर कुणीच नाही, असं मी म्हणत नाही. पोरांनो, तेवढं कोतं मन करू नका. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे सहा हजारांवर ग्रह आतापर्यंत नोंदले गेलेत. २० एप्रिल २००५ ला हैदराबादहून मोठा फुगा सोडला. तो ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने घेऊन आला. त्या कामाचे प्रमुख पुण्याच्या आयुकाचे जयंत नारळीकर. वरच्या हवेत जिवाणू सापडले, त्यांत तीन जाती नव्या. एकाला फ्रेड हॉईलचं नाव दिलं, एकाला इस्रोचं, एकाला आर्यभटाचं. जीवन अंतराळातून पृथ्वीवर आलं असेल, हा नारळीकरांचा आवडता विचार. जन्मभर बाळगलेला. तरीही २००९ साली निकाल जाहीर झाला तेव्हा, हे जिवाणू पृथ्वीबाहेरचे आहेत असं यावरून सिद्ध होत नाही, हे बरोबरच सांगितलं गेलं. स्वतःच्या लाडक्या कल्पनेचं मापसुद्धा त्यांनी फुगवलं नाही. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. आमच्या वस्तीत कुणी बोर्ड लावला नाही. लावायला हवा होता, असं मला वाटतं.

जुन्नर तालुक्यातच, नारायणगावजवळ खोडदला, जमिनीवरच्या तबकड्या आहेत. उडणाऱ्या नाहीत. गोविंद स्वरूप यांनी उभ्या केलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या, प्रत्येक ४५ मीटर व्यासाची, तारेच्या जाळीची. २०१६ साली मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या यानाचा क्षीण आवाज त्यांनी पकडला. वरून कुणी हाक मारलीच तर ऐकणारे कान आपल्याच जिल्ह्यात, लेण्यांच्या शेजारी. त्या तबकड्यांचे पाये खणणाऱ्यांची नावं कुणी लिहून ठेवलीत का, तेही तिथं विचारायचं आहे.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथं लोकांना आत सोडतात. भाच्यानं गाडी ठरवलीय. सकाळी खोडद, दुपारनंतर जुन्नरची लेणी. ज्याला यायचंय त्यानं विहारात नाव द्यावं, डबा आपापला. आई येणार आहे. गुडघ्याचं काय, म्हणून विचारलं तर म्हणाली, "पायऱ्या हळूहळू चढीन. पण ती बुरुडांची नावं कुठं लिवल्यात, तेवढी मला हात लावून दाखव."