सी १६ : बीडच्या केसपेपरांवरून

ऑगस्ट २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात देशभरच्या नोंदणी केंद्रांचे दर आहेत, लोकसंख्येतल्या वयाचा फरक काढून टाकून मांडलेले. पुरुषांमध्ये सर्वांत वर मिझोरामचा ऐझॉल जिल्हा, वर्षाला लाखामागे २६९.४ नवे रुग्ण. सर्वांत खाली उस्मानाबाद-बीड, ३९.५. बायकांच्या तक्त्यातही तळाला उस्मानाबाद-बीडच, ४९.४. बीडच्या माणसाला हायसे वाटावे असा आकडा. तो वाचल्यापासून माझ्या डोक्यात मात्र केसपेपर घोळत आहेत, कारण हा आकडा शेवटी त्यांतूनच तयार होतो.

*

उदाहरण म्हणून जठराचा कर्करोग घेऊ. आयसीडी-१० या रोगांच्या जागतिक वर्गीकरणात त्याचा कोड सी १६. त्यापुढचा अंक जागा सांगतो. शून्य म्हणजे अन्ननलिका जठराला मिळते तो भाग, कार्डिया. एक वरचा घुमट, दोन मधला भाग, तीन अँट्रम, चार पायलोरस. पाच आणि सहा लहान-मोठ्या वक्रांसाठी. गाठ एकाहून जास्त भागांवर पसरली असेल तर आठ. आणि नऊ म्हणजे जागा लिहिलेलीच नाही.

केसपेपरवर नुसते ‘सीए स्टमक’ असेल तर कोड लावणाऱ्याला नऊच टाकावा लागतो. अंदाजाने तीन टाकण्याचा अधिकार त्याला नाही आणि नसावाही. वाईट याचे वाटते की दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरने ती जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असते.

*

जागेने काय फरक पडतो? खालच्या भागातली गाठ असेल तर बहुधा जठराचा काही भाग राखता येतो; वरची असेल तर अनेकदा पूर्ण जठर काढावे लागते. कारणेही वेगळी. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये कर्करोगकारक ठरवले. त्याचा संबंध मुख्यतः कार्डियाखालच्या भागांशी. कार्डियाच्या कर्करोगामागे लठ्ठपणा आणि वर येणारे आम्ल यांचा हात जास्त. जिल्ह्यातल्या सगळ्या नोंदी ‘नऊ’मध्ये पडल्या तर आपल्याकडे यातले कोणते कारण बळावते आहे, हे कुणालाच कळणार नाही.

*

‘आबांना सांगू नका, डॉक्टर.’ नातेवाईक हे हात जोडून सांगतात, आणि डॉक्टर फाइलवर ‘ग्रोथ’ किंवा ‘मायटॉटिक लेजन’ असे लिहितो. माया समजते. पण तोच कागद पुढे नोंदणीच्या टेबलावर जातो, तिथे ‘ग्रोथ’ला सी १६ देता येत नाही. रुग्णाशी काय बोलायचे आणि कागदावर काय लिहायचे, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. ठेवल्याच पाहिजेत.

*

ऊसतोडीचा प्रश्न सगळ्यांत अवघड. दसरा-दिवाळीच्या सुमारास केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार इथून मजुरांच्या टोळ्या निघतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, पार कर्नाटकापर्यंत. मुकादमाची उचल अंगावर असते, म्हणून दुखणे फडातच रेटले जाते. पोट दुखले की पित्त झाले म्हणायचे, मेडिकलमधून गोळ्या आणायच्या. जेवण जाईना, वजन उतरले, काळी शी झाली, मग कुठे दवाखाना. तोही तिकडचाच.

तिथे पत्ता विचारला की माणूस कारखान्याचे नाव सांगतो. तो काही खोटे बोलत नाही. त्या दिवशी त्याची कोपी, म्हणजे झोपडी, तिथेच असते. नोंदणीचा नियम मात्र असा, की निदानाच्या वेळी माणूस किमान वर्षभर जिथला रहिवासी आहे, त्या भागात त्याची गणती. म्हणजे कोल्हापूरकडच्या शिरोळच्या दवाखान्यात तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढलेला धारूरचा मजूर बीडचाच रुग्ण. कागदावर धारूर नसेल तर बीड त्याला शोधणार कसे? आणि शिरोळकडे तो नियमाने मोजला जात नाही. माणूस दोन्हीकडून सुटतो.

*

बार्शी. टाटा मेमोरियलच्या मदतीने १९८७ मध्ये इथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांसाठी. डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट ओळखली, की खेड्यातला रुग्ण रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये येण्याची वाट पाहत बसलो तर तो येणारच नाही. म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांत बसले, लक्षणे समजावली, संशयित रुग्णांना नर्गिस दत्त रुग्णालयापर्यंत घेऊन आले. मोजणी आणि उपचार एकाच वाटेवर आणले. मराठवाड्याच्या उंबरठ्यावर झालेले हे काम मला फार मोठे वाटते.

इतके शोधूनही बार्शीचे दर कमीच आढळत आले, हे प्रामाणिकपणे लिहायला हवे. म्हणजे ३९.५ हा आकडा बऱ्याच अंशी खरा असणार. खेड्यांत कर्करोग शहरापेक्षा कमी आहे. पण किती कमी, हे सांगायला बीडच्या अकराही तालुक्यांत तेवढे चालावे लागेल.

*

मृत्यूचा दाखला. रुग्णालयात नमुना ४, घरी मृत्यू झाला तर ४ अ. पहिल्या भागात वरच्या ओळीत तत्काळ कारण, आणि खाली उतरत गेले की मूळ कारण. वर ‘हृदयक्रिया बंद पडली’ आणि खाली कोरे, असा दाखला काहीच सांगत नाही. हृदय प्रत्येकाचेच थांबते. खालच्या ओळीत ‘जठराचा कर्करोग, अँट्रम’ लिहिले तर जिवंतपणी निसटलेला रुग्ण निदान नोंदणीच्या हाती लागतो.

*

कागदावरची चूक रुग्णालाही भोवते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रियेआधी मंजुरी लागते आणि मंजुरीला तुकड्याचा रिपोर्ट. रिपोर्टवरचे नाव आणि रेशनकार्डावरचे नाव जुळले नाही की मुलगा अंबाजोगाई ते संभाजीनगर कागद घेऊन फिरतो. हे दिवस रुग्णाच्या आयुष्यातून जातात.

*

हैदराबाद-चेन्नईत हजारो तरुण अमेरिकेतल्या रुग्णांच्या फायलींना कोड लावतात. एक अंक चुकला तर विम्याचा दावा परत येतो, म्हणून अमेरिकेतला डॉक्टर जागा लिहितो. हे कसब आपल्या मुलांकडे आहे. जिल्हा रुग्णालयात आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात अशा प्रशिक्षित माणसांची कायम पदे हवीत.

*

साखरपट्ट्यातल्या दवाखान्यांसाठी: केसपेपरवर ‘सध्याचा पत्ता’च्या खाली ‘मूळ गाव, तालुका, जिल्हा’ अशी आणखी एक ओळ छापून घ्या. पुढच्या हंगामाआधी हे होऊ शकते.