मार्गदर्शनाचे वजन

माझी कन्या संगणकावर पाण्याची दृश्ये घडविते. गेल्या पावसाळ्यात एका रात्री मी तिच्याशेजारी बसलो होतो. 'ब्लेंडर' या विनामूल्य प्रणालीत तिला ओढ्याचे पाणी विशिष्ट वळणाने न्यायचे होते. त्यासाठी दृश्यात एक अदृश्य वाटाड्या फिरवितात आणि पाणी त्याच्या वेगाच्या ओढीने चालते. मात्र तिचे पाणी जणू मध असावा, तसे रखडत होते.

"बाबा, मार्गदर्शनाचे वजन फार झाले आहे," ती म्हणाली. "ते वाढवावे तितके पाणी मागे रेंगाळते. अगदीच काढले, तर वाट सोडून सांडते."

तिची दुरुस्तीची रीत मला ओळखीची वाटली. पाण्याची जागा लहान घनांत विभागलेली असते. प्रत्येक बाजूचे भाग दुप्पट केले की घन आठपट होतात आणि गणित लांबते. म्हणून तिने आधी ३२ भागांवरच चाचणी घेतली. एका वेळी एकच आकडा बदलला, जुने गणित पुसले, प्रथम वाटाड्याचे व मग पाण्याचे गणित नव्याने करविले. वृद्धांची औषधे बदलताना आम्हीही शक्यतो अल्प मात्रेने, एकेक बदल करीत जातो. वजन पाचावरून दोनावर येताच पाणी मोकळेपणाने वळले.

मला मात्र शेजारच्या खोलीतले अण्णा आठवले. वय ८४, खुब्याच्या शस्त्रक्रियेला तीन महिने झालेले. ते पुन्हा पडतील या धास्तीने मी रोज त्यांचा दंड घट्ट धरून चालवीत असे. माझ्याविना ते उठेनासे झाले होते. "तू धरलेस की माझे पाय तुझीच वाट पाहतात रे," असे ते एकदा म्हणालेही होते. मी ते हसण्यावारी नेले होते.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टना विचारून मी दंड सोडला. अण्णांच्या हाती वॉकर दिला आणि शस्त्रक्रियेच्या बाजूला, अर्धे पाऊल मागे, कमरेजवळ हात ठेवून उभा राहिलो. नवव्या पावलाला ते डगमगले. माझा हात पुढे झाला, पण टेकला नाही. त्यांनी स्वतःला सावरले आणि खिडकी गाठली.

आपल्या घरीही कुणाला आधार देत असाल, तर तो किती हवा हे तज्ज्ञांना विचारून ठरवा आणि अधूनमधून पुन्हा तपासा. तीन महिने औषधांची मात्रा मी काटेकोर मोजली, पण हाताची मोजायची राहून गेली होती.