फक्कीची होडी

कवठे येमाईत एका शाळेच्या मैदानावर, कबड्डीच्या रेषांना लागूनच, फक्कीने होडी आखलेली दिसली. पुढून निमुळती, मागून बोथट, आत बसायला पाच-सहा आडव्या रेघा. त्या रेघांवर सातवीची पोरं-पोरी गुडघ्याला गुडघा लावून बसली होती आणि सर बाहेर उभे राहून एकेकाचं नाव घेत होते. नाव आलं की त्या एकानेच उठायचं, बाकीच्यांनी जागचं हलायचं नाही. उठणाऱ्याने वाकून, पुढच्याच्या खांद्याचा आधार घेत कडेला यायचं, हात पुढे करायचा, सरांनी मनगट धरलं की शाळेच्या ओट्याच्या पायरीवर पाय टाकायचा. फक्कीवर पाय पडला तर बुडाला. एक मुलगी पायरी चढता चढता मागे वळून मैत्रिणीला काहीतरी सांगायला गेली. सरांनी तिला परत होडीत बसवलं. "जंजिऱ्याच्या दारात होडी घडीत वर, घडीत खाली असती. तिथं मागं वळून बोलायचं न्हाई. पाय टाकला की पुढं सरकायचं, मागच्याला जागा द्यायची."

मी रस्त्याने चाललो होतो, तो तिथेच थांबलो आणि तास संपेपर्यंत हललो नाही.

सहल तीन दिवसांची होती. अलिबागचा कुलाबा, थळसमोरची खांदेरी, मुरूडचा जंजिरा. तिन्ही जलदुर्ग, तिन्ही बेटांवर. शिरूर तालुक्याच्या या बाजूच्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. पाणी त्यांनी पाहिलेलं असतं ते मोजून-मापून आलेलं. डिंभ्याच्या कालव्याला आवर्तन सुटलं का, हा इथल्या चहाच्या टपरीवरचा पहिला प्रश्न. सुटलं तर कांदा तरतो, लांबलं तर माणसं तोंडं बारीक करून बसतात. खोल पाणी म्हणजे विहीर, नाहीतर शेततळं. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरला की धडधाकट माणसालाही वर येता येत नाही, म्हणून तिकडे फिरकायचं नाही ही घरातली पहिली ताकीद. विहिरीत मात्र सगळे पोहतात. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून काकाने वरून ढकलून दिलेलं असतं, तेवढ्यावर ती विद्या पुरी होते. सहलीच्या संमतीपत्रावर 'पोहता येते काय?' या रकान्यात म्हणूनच बहुतेकांनी ठळक 'होय' लिहिलं होतं. सरांनी ते सगळे होय वाचले आणि तरीही फक्कीची होडी आखली. मला हा माणूस फार आवडला.

होडी आखली, ती कवठ्यात शोभलीही. हे तमाशाचं गाव. गंगाराम कवठेकरांचा फड इथला. लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर इथले. त्यांनी फडांसाठी लावण्या लिहिल्या, वगनाट्यं लिहिली. वगात राजा दोन पावलं टाकून दरबारात आलो म्हणतो आणि दरबार उभा राहतो. नेपथ्याचा एक खांब लागत नाही. जंगल तसंच, नदी तशीच. मला रंगभूमीवरचे महागडे पडदे कधीच रुचले नाहीत, मोकळ्या फळ्यांवर शब्दाने उभं केलेलं गाव जास्त पटतं. त्या मातीत पोरं फक्कीच्या रेघेला काठ मानून बसली होती आणि खरोखरच एकमेकांना "हलू नको, उलटंल" म्हणून दटावत होती.

वर्गातल्या फळ्यावर एक गणित होतं. तिथी गुणिले पाऊण. कोकणातल्या कोळ्यांचा हा जुना आडाखा. शुद्ध असो की वद्य, त्या दिवसाची तिथी घ्यायची, पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती सहाला. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, म्हणजे दुपारी बाराला पाणी ओसरलेलं. पुनवेला-अवसेला भरती बाराच्या सुमाराला, आणि ती उधाणाची. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा माथ्यावर येतो, त्याच्यामागून भरतीही तेवढीच उशिरा येते, हे त्या पाऊणपटीचं कारण. अदमासाचं गणित आहे. निघताना बंदरावरचं कोष्टक पाहायचंच, असं सरांनी खाली लिहिलं होतं. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला होडीच लागते. सहलीचा पहिला दिवस दशमीचा. दहा पाऊणे साडेसात, त्यात सहा मिळवले, दुपारचा दीड. दीडच्या आधी अलिबाग गाठायचं, पोरांना चालत आत न्यायचं आणि पाणी चढायच्या आत बाहेर काढायचं. एसटी पहाटे कधी सुटणार, हेही मग त्या फळ्यावरच ठरलं.

हे गणित पोरांनी घरोघर नेलं. ज्यांच्याकडे मी जेवायला होतो त्या घरातला मुलगा भाकरी मोडता मोडता म्हणाला, "आज्जे, आज कंची तिथ?"

"सष्ट."

"मंग साडेचारला भारलाय."

"काय रं भारलाय?"

"समुद्र."

म्हातारी एकादश्या धरते, चतुर्थ्या धरते, तिला तिथी विचारायला भिंतीवरचं कॅलेंडर लागत नाही. आयुष्यभर तिच्या तोंडात असलेल्या त्या मोजणीत समुद्राचं वेळापत्रक दडलेलं होतं हे तिला नातवाकडून कळलं. ती जरा वेळ तव्यासमोर गप्प बसली आणि मग विचारलं, "रोज येतंय व्हय पानी? दोन टायमाला?" दिवसाकाठी दोन आवर्तनं, अर्ज न करता, पाणीपट्टी न भरता. तिला ते फार मोठं वाटलं. मलाही ते पहिल्यांदाच एवढं मोठं वाटलं.

समुद्रावरच्या सहलींना आता पुष्कळ अटी असतात, आणि त्या असायलाच हव्यात. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी बुडाले. त्यानंतर कितीतरी शाळांनी कोकणाचा नादच सोडला. त्यांचा धसका मला समजतो. पण घाटावरच्या मुलाला समुद्रापासून लांब ठेवून तो सुरक्षित होत नाही. विशीत तो मित्रांबरोबर जाणारच आहे, तेव्हा त्याला तिथी माहीत नसेल, उधाण माहीत नसेल, विहिरीतलं पोहणं पुरेल असं वाटेल. सातवीतच त्याला भरतीचं गणित शिकवून, लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतःच्या हाताने आवळायला लावून, गुडघाभर पाण्याच्या पुढे का जायचं नाही हे सांगून एकदा नेऊन आणलेलं बरं. पालकांच्या सभेत सरांनी हेच सांगितलं म्हणे, आणि सह्या झाल्या.

तयारीत एक दिवस नकाशाचा होता. पोरांनी एसटीचा रस्ता रंगवायचा: मंचर, चाकण, लोणावळा, घाट उतरून खोपोली, पेण, अलिबाग. एका पोराने रस्त्याऐवजी नदी रंगवायला घेतली. त्याचं म्हणणं, आपली नदी समुद्राला जाते, तर तिच्याच कडेने का जायचं नाही? सरांनी त्याला पेन्सिल पुढे न्यायला सांगितली. घोड भीमेला, भीमा कृष्णेला, कृष्णा पार आंध्रात बंगालच्या उपसागराला. पोरगं चक्रावलं. घोड उगवते आहुप्याच्या रानात, कोकणकड्याच्या काठावर. तिथून पश्चिमेला समुद्र हाताशी. पण नदी त्याला पाठ दाखवून पूर्वेला वळते आणि दख्खन सगळं ओलांडून पलीकडच्या समुद्रात जाते. कुकडीचंही तेच. ती नाणेघाटाजवळ पूरच्या कुकडेश्वरापाशी निघते, शिवनेरीच्या पायथ्याच्या जुन्नरजवळून वाहते, आमच्याजवळ निघोज-टाकळी हाजीला काळ्या खडकात खळगे कोरते आणि पुढे घोडीला मिळते. निघोजचे ते रांजणखळगे पाहायला लांबून माणसं येतात. गोटे भोवऱ्यात फिरून फिरून बेसॉल्ट असा कातला जातो, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही.

पाणी पूर्वेला गेलं, पण माणसं पाण्याच्या उलट गेली. मला या भागाचा इतिहास वाचताना नेहमी हे चित्र दिसतं. कुकडीच्या उगमाकडे चढत गेलं की नाणेघाट लागतो, आणि नाणेघाट उतरला की कोकण, कल्याण, सोपारा. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरहून माल त्याच वाटेने बंदराला जायचा. घाटाच्या तोंडाशी गुहेत सातवाहनांच्या राणी नागनिकेचा लेख आहे, आणि शेजारी दगडाचा भला थोरला रांजण; जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. वाट दोन्ही बाजूंनी वाहती होती. बंदरावर उतरलेले परदेशी वर चढून येत. जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांची दानं कोरलेली आहेत. एकाने, त्याचं नाव चिट, भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. दुसरा इरिल. या इरिलाने काय दिलं? पाण्याच्या दोन पोढी. कातळात खोदलेली दोन टाकी.

मी या इरिलावर फार वेळ विचार करत आलो आहे. समुद्रावरून आलेला माणूस. महिनोन्महिने खाऱ्या पाण्यावर काढलेले. गलबतावर गोड्या पाण्याचा घोट कसा मोजून मिळतो हे त्याला ठाऊक असणार. घाट चढून या कोरड्या पठारावर आला, इथे व्यापार केला असेल, दोन पैसे गाठीला बांधले असतील, आणि पुण्य करायची वेळ आली तेव्हा त्याने सोनं वाटलं नाही, मूर्ती घडवली नाही. ज्या गोष्टीची समुद्रावर आणि इथे सारखीच ओढ, ती दिली. माझा हा अंदाज आहे, लेख अगदी त्रोटक आहे, त्यात एवढं काही नाही. पण जंजिऱ्याला गेलं की लोक भर खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्याचे तलाव पाहून तोंडात बोट घालतात, सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींचं पाणी चाखून पाहतात, तेव्हा मला हटकून इरिल आठवतो. बेट आणि अवर्षणाचं गाव, दोघांची पहिली चिंता एकच.

आणि त्याच कुकडीकाठच्या शिवनेरीवर १६३० साली शिवाजी महाराज जन्मले. आरमार उभं करणारा राजा किनाऱ्यावर वाढला नाही, घाटावर वाढला. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाताशी आली, खाडी दिसली, आणि तिथून आरमाराची सुरुवात झाली. १६६४ ला मालवणात सिंधुदुर्गाचा पाया घातला. समुद्र उशिरा भेटलेल्या माणसालाही तो नीट शिकून घेता येतो, असं मी त्या पोरांना सांगितलं असतं. पण सरांनी ते आधीच सांगितलं होतं, आणि ते सांगायला त्यांनी खांदेरी निवडली होती.

खांदेरीचा तास मी मागच्या बाकावर बसून ऐकला. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीला महाराजांचा मायनाक भंडारी माणसं घेऊन बेटावर उतरला आणि तटाचं बांधकाम सुरू केलं. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला होतोय हे इंग्रजांना खपणं शक्यच नव्हतं. त्यांनी बेटाला जहाजांचा वेढा दिला. "आता सांगा," सर म्हणाले, "बेटावर माणसं. त्यांना खायला पाहिजे, दारूगोळा पाहिजे. भोवती इंग्रजांची मोठाली जहाजं. सामान पोचवायचं कसं?" उत्तरं यायला लागली. बोगदा. पोहत. एकजण म्हणाला, ड्रोन. मग एक मुलगी म्हणाली, "रातच्याला. बारक्या होडीतनं." तेच घडलं होतं. मोठं जहाज वाऱ्याचं मिंधं, वारा पडला की जागचं हलत नाही. मराठ्यांच्या होड्या अरुंद, उथळ, वल्ह्यांवर पळणाऱ्या. अंधारात जहाजांमधून निसटून किनाऱ्यावरून बेटावर जायच्या आणि परत यायच्या. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या हाताखालच्या मराठी आरमाराने उजेडात हल्ला केला आणि इंग्रजांचं 'डव्ह' हे जहाज धरलं. 'रिव्हेंज' निभावलं, पण वेढ्याचा उपयोग झाला नाही. किल्ला उभा राहिला. मग जंजिऱ्याच्या सिद्दीने लगतच्या उंदेरीवर आपला तट घातला आणि दोन बेटं एकमेकांवर तोफा रोखून बसली.

२०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात शिवनेरी आहे आणि खांदेरीही आहे. सरांनी दोन्ही नावं फळ्यावर लिहून मध्ये रेघ मारली. शिवनेरी सगळ्यांनी पाहिलेला. रेघेच्या दुसऱ्या टोकाला काय काय आहे, याची यादी मग पोरांनीच करायला घेतली: १८६७ चा दीपस्तंभ, कोळ्यांचा वेताळ, आणि एक मोठी शिळा, जिच्यावर दगडाने ठोकलं की भांड्यासारखा आवाज येतो.

या शिळेवरून वर्गात जोराचं भांडण सुरू झालं. पहिल्यांदा कोण वाजवणार? मुलींनी आधीच आपसांत क्रम लावला होता आणि तो वहीत लिहूनही ठेवला होता. मुलांना तो मान्य नव्हता. एकाने घरून, घोडीच्या पात्रातला, चांगला गुळगुळीत गोटा न्यायचं ठरवलं होतं. सर म्हणाले, गोटा न्यायचा नाही, पिशवीत आधीच बाजरीच्या भाकरी, चटणीचा डबा, पांघरूण, दोन जोड कपडे, पाण्याची बाटली आणि ओव्याची पुडी आहे. तिथलाच खडा उचलायचा, हलक्या हाताने ठोकायचं, आणि नंबर हजेरीच्या क्रमाने लागेल. हजेरीत शेवटी असलेल्या पोराने लगेच हात वर केला. उलट्या क्रमाने का नाही, असा त्याचा प्रश्न होता, आणि घंटा झाली तरी त्याचा निकाल लागलेला नव्हता.