फणसाचा केक खायला चला कोकणात!

दोस्तांनो, मे महिन्यात रत्नागिरीकडे गेलात तर कापा फणस कुणीही देईल. तुम्ही मात्र बरका मागा! त्याचे गरे इतके मऊ आणि रसाळ, की बाजारात न्यायचे म्हणजे पंचाईतच. पिकला की पटकन संपवायला हवा, नाहीतर गेला वाया! कोकणातल्या आज्यांची त्यावरची युक्ती म्हणजे सांदण. ना ओव्हन, ना अंडं!

हाताला तेल लावून गरे काढा, चाळणीवर घासून रस गाळा. १ वाटी रस, १ वाटी तांदळाचा भाजलेला रवा, अर्धी वाटी गूळ आणि चिमूटभर मीठ कालवून तासभर झाकून ठेवा. मग तूप लावलेल्या ताटलीत ओतून, आईला मदतीला घेऊन २० मिनिटं वाफवा. वड्या पाडा, नारळाच्या दुधात बुडवा आणि गट्टम करा!